दार उघडल्याची वेळ

विमान नऊ दहाला सुटणार होतं आणि अकराला पोचणार होतं. मेट्रनबाई साडेसातपासूनच विमानतळावर येऊन बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणायचं आपलं. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात उभ्याने काढलेल्या बाईला खुर्ची कशी मानवणार? निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी पायाची भिंगरी काही सुटली नव्हती. त्या काचेपर्यंत जायच्या, उभी असलेली विमानं बघायच्या, परत येऊन पिशवीची चेन उघडून आतल्या धुतलेल्या मऊ कापडाच्या घड्या चाचपायच्या आणि पुन्हा काचेकडे निघायच्या.

त्यांची एकुलती एक लेक बारकी दुसऱ्या शहरात राहायची. आता चांगली पाच फूट सात इंच झाली होती, पण नाव बारकीच राहिलं होतं. तिचे दिवस भरायला अजून आठ दिवस होते, आणि मेट्रनबाई तिच्याकडे निघाल्या होत्या.

पावणेदहाला जाहीर झालं, अजून अर्धा तास उशीर. त्यांनी जावयाला तसा निरोप पाठवला. दहा वीसला जाहीर झालं, आणखी एक तास. कारण कुणी सांगेना. मेट्रनबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि बोर्डिंग पासच्या मागे दोन्ही वेळा लिहिल्या. वॉर्डातली सवय होती ती. आधी वेळ लिहायची, मग बाकीचं.

जावयाला पाच वेळा फोन लावला, त्याने उचलला नाही. अकरा वीसला त्याचाच फोन आला.

"आई, मुलगी झाली. दहा अडतीसला. दोन किलो नऊशे. दोघी छान आहेत."

"झाली? अहो, आठ दिवस होते ना अजून! कळा कधी सुरू झाल्या?"

"पहाटे."

"पहाटे म्हणजे किती वाजता?"

"आई, डॉक्टर बोलावतायत, ठेवतो हं."

त्यांनी लिहिलं: १०.३८, मुलगी, २.९००. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. मग शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्या म्हणाल्या, "या विमानापायी माझ्या लेकीचं बाळंतपण हुकलं." ती बाई हळहळली. थोड्या वेळाने हेच त्यांनी काउंटरवरच्या मुलीला ऐकवलं, नंतर विमानात पाणी देणाऱ्या मुलाला, आणि उतरल्यावर टॅक्सीवाल्याला. तोवर ते वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं की त्यात कुठे खोट आहे का, हे बघायची गरजच उरली नाही.

चाकं जमिनीला टेकली तेव्हा एक बावन्न झाले होते. विमान थांबलं एक सत्तावन्नला. पण शिडीच येईना. माणसं सामानाच्या कप्प्यांखाली माना वाकवून ताटकळत राहिली. दार उघडलं दोन वाजून सात मिनिटांनी. तेही त्यांनी लिहिलं.

बारकी दवाखान्यात भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला. मेट्रनबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच नाडी धरली. मग बाळाकडे वळल्या. कापड सोडलं, बाळाच्या मुठी उघडून पाहिल्या. नखं बोटांच्या पुढे आलेली, तळहाताची साल सुटलेली.

"आठ दिवस आधी आली म्हणायची," त्या म्हणाल्या.

"हो ना," बारकी म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली.

मेट्रनबाईंनी बाळ पुन्हा गुंडाळलं. पलंगावरच्या चादरीला एकही सुरकुती नव्हती, तरी ती ओढून ओढून नीट केली.

घरी आल्यावर त्या एक मिनिट स्वस्थ बसल्या नाहीत. फडताळं पुसली, डबे रिकामे करून पुन्हा भरले, पडदे उतरवून धुतले. बाळ जरा कुरकुरलं की बारकीच्या आधी उठायच्या. बारकी म्हणायची, "आई, बस ना जरा," आणि त्या म्हणायच्या, "बसतेच आहे." रोज दुपारी शेजारची बाई चौकशीला यायची, तिला रोज विमानाची गोष्ट ऐकावी लागायची. बारकी तेवढ्यात बाळाला घेऊन आतल्या खोलीत जायची.

जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. अडकलेल्या लोकांशी शांतपणे बोलत राहायचं, हे त्याच्या कामातच होतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आई, तीन तासांच्या वर उशीर झाला तर कंपनी भरपाई देते म्हणे. मागायची का?"

मेट्रनबाईंच्या अंगात वारं शिरलं. इतके दिवस राग नुसताच घरभर फिरत होता, आता त्याला पत्ता मिळाला. त्यांनी लगोलग मजकूर सांगितला, जावई कॉम्प्युटरवर उतरवत गेला. "विमान वेळेवर आले असते तर मी माझ्या मुलीच्या प्रसूतीच्या वेळी हजर राहू शकले असते," इथे त्याची बोटं थांबली.

"हे वाक्य ठेवायचं?"

"का? न ठेवायला काय झालं?"

त्याने एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि वाक्य टाईप केलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. आपले विमान दोन तास सत्तावन्न मिनिटे उशिरा पोहोचले, भरपाई तीन तासांवरील उशिरासाठी असते, तसदीबद्दल दिलगीर आहोत.

"तीन मिनिटांसाठी तोंडाला पानं पुसली मेल्यांनी," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी बोर्डिंग पास काढला. जावयाने कंपनीचेच नियम उघडले. बारीक अक्षरात एकवीस पानं होती. लिफ्टची माहितीपुस्तकं वाचून डोळे तयार झालेला माणूस तो, अर्ध्या तासात त्याला सापडलं. पोहोचण्याची वेळ म्हणजे प्रवाशांना उतरण्यासाठी दार उघडल्याची वेळ.

"बरोबरच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "डोकं दिसायला लागलं म्हणून आम्ही जन्म झाला असं लिहीत नाही. मूल अख्खं बाहेर आलं की लिहितो."

मग फोन सुरू झाले. चाळीस चाळीस मिनिटं कानात गाणं वाजायचं आणि त्या फोन धरून या खोलीतून त्या खोलीत चालत राहायच्या. दर वेळी नवा माणूस यायचा आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. विमान थांबलं ती वेळ खरी, एवढंच प्रत्येकाला पाठ होतं. चौथ्या माणसाने ऑफिसात येऊन पुरावा दाखवा म्हटलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी जायचं ठरवलं. जावयाला नेमकी त्या दिवशी सुट्टी मिळेना.

"मी येते," बारकी म्हणाली.

"पाच आठवड्यांचं मूल घेऊन?"

"तू एकटी जाऊन तिथे भांडशील. मी येते."

ऑफिसात नंबराची चिठ्ठी घेऊन बसावं लागलं. बारकीने बाळ छातीशी बांधलं होतं. मेट्रनबाई चार वेळा उठून फळ्यावरचा नंबर बघून आल्या. शेवटी बोलावणं आलं. काचेपलीकडे त्यांच्यापेक्षा थोड्या लहान, चष्म्याला दोरी लावलेल्या बाई होत्या. त्यांनी पत्र वाचलं, बोर्डिंग पास उलटा करून पाहिला.

"हे तुम्ही त्याच वेळी लिहिलंय की नंतर?"

"वेळ नंतर लिहायची नसते," मेट्रनबाई म्हणाल्या. "नंतर लिहिली की ती आपल्याला हवी तशी होते."

अधिकारी बाई हसल्या आणि ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या. "पावणेदहा, अर्धा तास. दहा वीस, एक तास. दहा अडतीस, मुलगी. हे काय?"

"माझी नात. हीच ती."

अधिकारी बाईंनी बाळाकडे पाहिलं, मग पत्राकडे. चष्मा काढला, पुन्हा लावला. "पत्रात लिहिलंय, विमान वेळेवर असतं तर तुम्ही प्रसूतीला हजर असता. पण ते वेळेवर अकराला येणार होतं."

मेट्रनबाईंनी नंबराच्या चिठ्ठीची घडी घातली.

"तुमच्या भरपाईचा याच्याशी संबंध नाही हं. ती दार कधी उघडलं यावरच ठरते. शिडी किती वाजता लागली, ती नोंद मी मागवते, पंधरा मिनिटं लागतील. पण फाईल वर गेली की कुणीतरी या वाक्यावर बोट ठेवेल आणि तुमच्या बाकीच्या वेळांवरही शंका घेईल. म्हणून विचारलं. बाहेर बसा जरा."

बाहेर पाण्याच्या मशिनशेजारी बाक होता. दोघी बसल्या. बाळ झोपलं होतं.

"तारीख किती पुढची सांगितली होतीस मला?" मेट्रनबाईंनी विचारलं.

बारकीने मान खाली घातली.

"नखं पहिल्याच दिवशी बघितली मी. साल निघत होती हाताची. दिवस उलटून गेलेलं मूल होतं ते, आधी आलेलं नव्हे. तेवढं कळतं मला."

"दोन आठवडे," बारकी म्हणाली. "तू यायच्या आत सगळं उरकेल असं वाटलं होतं. हिनेच उशीर केला."

"म्हणजे मी नकोच होते."

"खोलीत नको होतीस." बारकीचा आवाज हळू होता, पण थांबला नाही. "शाळा सुटली की मी तुझ्याकडे यायचे ना, औषधांच्या कपाटामागे बसून अभ्यास करायचे. भिंतीपलीकडून तुझा आवाज ऐकू यायचा. ओरडू नका, ताकद वाया जाते. मग त्या बायका गप्प व्हायच्या. सगळ्या. तुझ्यापुढे कुणाची छाती होती?"

"त्यात वाईट काय झालं? किती जणी सुखरूप घरी गेल्या त्याची गणती नाही."

"वाईट झालं असं नाही म्हणत मी. मला ओरडायचं होतं."

ओरडून काही होत नसतं, हे मेट्रनबाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्या उठल्या. मशिनमधून पेलाभर पाणी घेतलं, हातात धरून थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, आणि परत येऊन तो पेला बारकीला दिला.

"मग ओरडलीस?"

"खूप. शेवटचा तासभर. शिव्यासुद्धा दिल्या."

"कुणाला?"

"नवऱ्याला. डॉक्टरांना." बारकी पाणी प्यायली. "तुला पण."

मेट्रनबाईंना एकदम हसू फुटलं, आणि ते संपायच्या आत डोळे भरून आले. दोन्हीची लाज वाटून त्यांनी पर्स उघडली आणि त्यात काहीतरी शोधू लागल्या.

"विमान लेट आहे असं यांनी सांगितलं ना," बारकी म्हणाली, "तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आणि तू रोज त्या शेजारणीला सांगायला लागलीस, की विमानामुळे हुकलं, तेव्हा मला इतकं कसंतरी व्हायचं. म्हणून मी आत जायचे."

"माहीत होतं मला," मेट्रनबाई म्हणाल्या. "दहा अडतीस आणि अकरा. तेवढी वजाबाकी विमानतळावरच झाली होती माझी. पण विमानावर रागावणं सोपं गेलं."

आतून त्यांचा नंबर पुकारला. शिडी दोन वाजून सहा मिनिटांनी लागल्याची नोंद मिळाली होती. अधिकारी बाईंनी तिची प्रत फाईलला जोडली. मेट्रनबाईंनी पत्र मागून घेतलं, त्या वाक्यावर एक सरळ रेघ ओढली आणि रेघेच्या शेवटी छोटी सही केली. मग बारकीच्या हातातली पिशवी घ्यायला गेल्या. बारकीने ती दिली नाही.

सगळं मार्गी लागलं असं मात्र झालं नाही. पुढचे दोन दिवस दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागल्या. चहा घेतेस का, हो घेते. बाळ रडलं की मेट्रनबाई उठायच्या आणि अर्ध्या वाटेत थांबायच्या, आणि बारकी तिकडून म्हणायची, "घे ना, थांबलीस कशाला?" मग एका दुपारी बारकी स्वतःहून म्हणाली की दूध कमी पडतंय असं वाटतं, आणि तासभर दोघी त्याच विषयावर बोलल्या. ठरल्या तारखेला मेट्रनबाई आपल्या घरी परतल्या. ते विमान वेळेवर होतं.

पाच आठवड्यांनी जावयाचा फोन आला. "आई, जिंकलात. पूर्ण भरपाई जमा झालीय. माफीचं पत्रही आहे, वाचू?"

"नको." आपल्याला फार आनंद व्हायला हवा होता, असं त्यांना वाटलं. "त्या पैशांतून माझं तिकीट काढा तिकडे यायचं."

"कधीचं काढू?"

"तारीख बारकीला विचारा. ती सांगेल ती."

बारकीचं उत्तर त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मेट्रनबाईंनी कपाटं आवरली. गच्चीत वाळलेले कपडे आणायला दोनदा गेल्या, दोन्ही वेळा फोन बरोबर नेला. तिसऱ्या दिवशी सारखा फोन बघायला नको म्हणून त्यांनी तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून ठेवला आणि सबंध दुपार स्वयंपाकघरातच काढली. आपण होऊन फोन करायचा मोह चार-पाच वेळा झाला. नाही केला.

चौथ्या दिवशी, त्या जिना उतरत असताना, फोन वाजला.

"आई, बावीस तारखेचं काढू?" बारकी म्हणाली. "मी कामावर जायला लागेन त्याच्या आधीचा आठवडा. चालेल तुला?"

"चालेल की," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि कठड्याला धरून पायरीवर बसल्या.