मालिकेतला कोंडिबा

टीव्हीची माणसं वाडीवर आली त्या दिवशी कुशाबा सकपाळांनी घरची कोंबडी कापली होती. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे निघालं की उजव्या हाताला एक कच्चा रस्ता वर चढतो, त्याच्या टोकाला ही वाडी. एरवी तिथे गाडी घेऊन कोण येतं? मतं मागणारे, नाहीतर मुंबईवाले, गणपतीला. पण त्या दिवशी दोन गाड्या थेट देवळापर्यंत आल्या आणि उतरलेली माणसं रघुवीर सकपाळांचं घर विचारत अंगणात येऊन उभी राहिली.

रघुवीर म्हणजे कुशाबांचे थोरले भाऊ. एके काळी कुठल्याही एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्यांच्या हेरकथा दोरीला लटकलेल्या असायच्या. त्यांचा एजंट वीरकर वेषांतर करून सीमा ओलांडायचा, शत्रूच्या छावणीत स्वयंपाकी म्हणून राहायचा, शेवटच्या पानावर फितुराला पकडायचा. खुद्द रघुवीरांनी महाराष्ट्राची हद्द फारशी ओलांडली नव्हती. गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवता जुळवता ते लिहायला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांना जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यांच्या आयुष्यावर आता मालिका होणार होती. त्यांचा मुलगा सुहास ठाण्याला राहत असे, त्याने परवानगी दिली होती.

मालिका लिहिणारी मुलगी पुण्याची. नाव प्रियदर्शिनी. ती दोन दिवस मुक्कामाला राहिली. ओटीवर मांडी घालून बसायची, मोबाइल मध्ये ठेवायची आणि म्हणायची, "आजोबा, तुम्ही नुसतं बोलत राहा."

कुशाबा बोलत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी एवढं विचारलंच नव्हतं. त्यांनी तिला आईच्या मरणाचीही गोष्ट सांगितली. आई माघ महिन्यात पहाटेची गेली. कुशाबा तसेच अनवाणी पोलादपूरला उतरले आणि पोस्टातून छापखान्यात ट्रंककॉल लावला. लाइन मिळेपर्यंत दुपार कलली. परत येऊन पाहतात तर जाणत्यांनी तिरडी बांधायला घेतलेली. दिवस मावळायच्या आत उरका, मुंबईचं माणूस कधी पोचायचं, असं जो तो म्हणत होता. तेव्हा कुशाबांचं वय ते काय. ते दारात आडवे बसले आणि म्हणाले, "दादा आल्याबिगर आईला उचलायची नाय." थोरला चुलता त्या बोलण्यावरून जो उठून गेला तो पुन्हा त्यांच्या घरी जेवला नाही. पण आईला ठेवली. रघुवीर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले आणि त्यांच्या हातून अग्नी मिळाला.

ऐकताना प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे तर यायलाच हवं," ती म्हणाली. आत चुलीपुढे बसलेल्या बयाबाईंकडे वळून तिने विचारलं, "आजी, तुम्ही होतात तेव्हा?"

"मी नवी नवरी," बयाबाई म्हणाल्या. "सासूच्या उशाला दिवा माझ्याच हातचा. वारा सुटला होता. इझू दिला नाय मी."

पुढे महिन्याभराने शूटिंगला सगळा ताफा आला. त्यांना जुनं दार हवं होतं. कुशाबांनी स्वतः दाराला तेल लावून दिलं, अंगणातली मोटरसायकल हलवली, शेजारच्या पोरांना गप्प बसवलं. चित्रीकरण कसलं चाललंय ते लांबून कळेना. छत्री धरलेला माणूस जवळ जाऊ देईना.

मालिका सुरू झाली तेव्हा वाडीतली निम्मी माणसं कुशाबांच्या पडवीत जमायची. मुलगा महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा, त्याची पाळी असली तर सून शर्मिला टीव्ही लावायची. पहिले भाग छान होते. लहानपणचा रघू, नदी, आईचं भाकरी थापणं. मग आईच्या मरणाचा भाग आला.

पडद्यावर एक धाकटा भाऊ होता. नाव कोंडिबा. पान चघळताना डावा डोळा बारीक करायचा, टोपी मागे सारायचा. कुशाबांकडे बघून पोरं हसली. सवय हुबेहूब उचलली होती. आई गेली. पोस्टमन दारात आला आणि म्हणाला, मुंबईला तार करायची ना? कोंडिबाने पान थुंकलं. "काय गरज नाय. थोरला आला की वाटणी मागेल."

पडद्यावर रघुवीरला दादरच्या बाजारात भाजीवाल्याकडून आईची खबर लागली. तो धावतपळत गावी आला, तर स्मशानात राख. घरी आला, तर कोंडिबाने दार लावून घेतलं. ते दार कुशाबांचंच होतं, त्यांनी तेल लावलेलं. रघुवीर दारावर डोकं टेकून रडला आणि मागून निवेदकाचा आवाज आला की त्या दिवसापासून या माणसाला आयुष्यभर एकच प्रश्न छळत राहिला, आपल्याच माणसाच्या मनात काय दडलंय. आणि तिथूनच जन्माला आला एजंट वीरकर.

जाहिरात लागली तशी माणसं एकेक करून उठली. "चला, सकाळी लवकर उठायचंय," असं काहीबाही पुटपुटत गेली. शर्मिलाने टीव्ही बंद केला.

"असं नव्हतं ते," कुशाबा म्हणाले.

"माहिती हाय आबा," शर्मिला म्हणाली. पण ती या घरात आली होती वीस वर्षांपूर्वी. तिला माहिती होतं ते कुशाबांनीच सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच प्रियदर्शिनीला फोन लावून दिला.

"आजोबा, मी तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं होतं, शपथेवर सांगते," ती म्हणाली. "चॅनलने बदललं. ते म्हणाले, हा माणूस हेरकथाच का लिहायला लागला, याला काहीतरी कारण दाखवा. लोकांना बघायला जखम लागते."

"कारण काय असायचंय? छापखान्याच्या मालकाला पुस्तकं हवी होती. दादाला जमलं."

"तेच सांगितलं मी. ते म्हणाले, यात नाट्य नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं. मी आता तिथे नाही आजोबा. मला माफ करा."

त्या पोरीला रागावून काय होणार होतं. कुशाबांनी तिला जेवलीस का म्हणून विचारलं आणि फोन सुनेकडे दिला. त्यांना दादाचं एक बोलणं आठवत होतं. त्यांनी एकदा विचारलं होतं, दादा, तुझ्या पुस्तकात दर वेळी फितूर निघतो तो घरचाच माणूस कसा रे? तेव्हा रघुवीर हसून म्हणाले होते, "बाहेरच्याने दगा दिला तर वाचकाला काय त्याचं? घरचाच लागतो, कुशा."

आठवड्याभरात मालिकेची चर्चा खाली पोलादपूरपर्यंत पोचली. स्टँडवरचा चहावाला कप पुढे करताना म्हणाला, "काय कोंडिबा, तार केली का नाय?" तो थट्टेनेच म्हणाला. पण त्याच्या बाजूला उभा असलेला अनोळखी माणूस हसला नाही. त्याने कुशाबांना नीट न्याहाळलं आणि कप घेऊन पलीकडे जाऊन उभा राहिला.

कुशाबा महाडला गेले. कोर्टाजवळ मुलाच्या ओळखीचे एक वकील बसत. वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, सुरुवातीला पाटी येते, वाचली का? काही प्रसंग आणि पात्रं काल्पनिक आहेत."

"दार माझं हाय. डोळा बारीक करतो तो मी हाय."

"तुमचं नाव कोंडिबा आहे का?"

"नाय."

"मग झालं तर. म्हणजे भांडता येणारच नाही असं नाही. पण तुम्ही ट्रंककॉल केला होतात, हे सांगायला कोण आहे?"

कुशाबांनी आठवून पाहिलं. चुलता गेला. तिरडी बांधणारे गेले. पोस्टातला बाबू तर कुठला, त्याचं नावही माहीत नव्हतं. "बायको हाय," ते म्हणाले.

"त्यांना येऊ द्या एकदा. बोलू."

कुशाबा मान हलवून उठले. वकिलांना त्यांनी सांगितलं नाही की बयाबाई हल्ली सकाळी जेवलेलं दुपारी विसरते, आणि परवा तिने सुनेला, तू कुणाची गो, म्हणून विचारलं होतं.

त्याच सुमारास पोलादपुरात रघुवीरांच्या नावाने वाचनालय निघालं. सहा महिन्यांपूर्वी ते उभारणाऱ्या मंडळाची पोरं येऊन सांगून गेली होती की फीत आबांच्या हातून कापायची. आता त्यातलाच एक ऋत्विक एकटा आला. चपला न काढता पायरीवरच उभा राहिला. "आबा, ऊन फार आहे. तुम्ही दगदग करू नका. मालिकेतले रघुवीर येणार आहेत, गर्दी आवरणार नाही."

कुशाबा तरीही गेले. धुतलेलं धोतर नेसून मागच्या खुर्च्यांच्या रांगेत बसले. फीत नटाने कापली. चांगला उंच, गोरा माणूस. दादा तसा नव्हता. कार्यक्रम संपल्यावर गर्दीत कुणीतरी नटाला सांगितलं, हे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. नट पाया पडायला वाकला आणि मध्येच थबकला. क्षणभरच. मग समोर मोबाइल उंचावलेले दिसले तसा त्याने वाकून नमस्कार पुरा केला.

सुहास तिथेच होता. कुशाबांनी त्याला बाजूला घेतलं. "तुला तर ठाव हाय ना रे? तुझ्या बापाने अग्नी दिला ते?"

सुहासने चष्मा काढून पुसला. "काका, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. बाबा गावाबद्दल कधी बोललेच नाहीत. मला आजीचं नावसुद्धा मालिकेसाठी शोधावं लागलं." तो जरा अडखळला. "रागावू नका. पण असं अगदी नाही, तरी काहीतरी झालं असेलच ना? नाहीतर बाबा इतके गप्प का होते?"

कुशाबांना म्हणायचं होतं की तो गप्पच माणूस होता, लहानपणापासून. त्याला गर्दीत बोलायला लाज वाटायची म्हणून तर तो लिहायचा. पण सुहासला कुणीतरी हाक मारली, आणि तो, येतो हां काका, म्हणून गेला. पुन्हा आला नाही.

मालिका संपली. नवी लागली, सासवासुनांची. लोकांचंही बोलणं कमी झालं. भाताची लावणी आली, कुणाला वेळ होता. चहावालाही आता नुसता चहा द्यायचा. कुशाबांना वाटलं, विझलं एकदाचं. पण बयाबाईंच्या डोक्यातून बाकी सगळं वाहून जात होतं आणि तेवढं एक चिकटून राहिलं होतं.

एके संध्याकाळी त्या जेवायलाच बसेनात. ताट पुढे ढकलून म्हणाल्या, "थोरल्या भावजींना कळवायला हवं होतं तुम्ही."

"कळवलं होतं गो. मी पोलादपूरला गेलो, फोन लावला. दादा आला होता. तू दिवा धरून बसली होतीस, आठवतं?"

बयाबाईंनी खूप वेळ विचार केला. "दिवा?"

"सासूच्या उशाला. वारा होता."

"वारा होता," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला. "ते दारावर डोकं ठेवून रडत होते. मी बघितलं ना. आपल्याच दारावर. तुम्ही उघडलं नाय."

शर्मिलाने समजावून पाहिलं. मुलाने, आई, ती मालिका होती, म्हणून सांगितलं. बयाबाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि रडायला लागल्या. सकाळीही तेच. दुपारीही तेच. त्या जेवेनात, औषध घेईनात.

तिसऱ्या दिवशी कुशाबांनी सुनेला बाहेर जायला सांगितलं. ते बयाबाईंच्या शेजारी बसले, भाताचा घास कालवून हातात धरला.

"तुम्ही कळवलं नाय," बयाबाई म्हणाल्या.

"नाय कळवलं," कुशाबा म्हणाले. "चुकलं माझं."

बयाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सुरकुतलेला हात उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि थोपटलं, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसं.

"असू द्या," त्या म्हणाल्या, आणि घास घ्यायला तोंड उघडलं.