केबल जुन्याच जागी

“श्वास धर. रेघ ओढ. मग श्वास सोड.”

मामाचा हा आवाज त्याच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. मामा लाकडाचे ठसे कोरायचा, कापडावर फुलं उमटवायचे ठसे, आणि भाच्याला मांडीशी बसवून पेन्सिल धरायला शिकवायचा. मामा गेला, ठसे गेले, पेन्सिलही मागे पडली. भाचा मोठा होऊन कॉम्प्युटरवर नक्ष्या काढू लागला. चादरींच्या, पडद्यांच्या, उशांच्या अभ्र्यांच्या. कुणाकुणाच्या खिडकीत त्याची फुलं वाऱ्याने हलत होती, कुणाच्या गालाखाली त्याच्या वेली निजत होत्या. आज मात्र सकाळपासून तो आवाज त्याला कुठे टेकू देत नव्हता. बसला की उठावंसं वाटे, उठला की कुठे जावं ते कळेना. दारापर्यंत जाई, परत येई. चहा प्यायलेला कप धुऊन ठेवला होता, तो पुन्हा धुतला.

कारण त्याची रेघ वाकत होती.

स्क्रीनवर सरळ ओढलेली रेघ नजरेच्या मध्यावर आली की पाण्यात धरलेल्या काठीसारखी मोडल्यागत दिसायची, आणि मोडायची तिथेच एक धुरकट ठिपका बसलेला असायचा. नजर हलवली की ठिपकाही हले. घरात त्याने सांगून टाकलं होतं की कॉम्प्युटर दमलाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्राचं सगळं काम प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर चाललंय. त्याला स्वतःची मेमरी नाही, शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशी मेन मेमरीतून मागून घेतं. मग माझ्या एवढ्या मोठ्या नक्ष्या त्याला पेलणार कशा?

हे अर्धं खरंच होतं. मोठी चादर उघडून जरा सरकवली की फुलं तुकड्यातुकड्यांनी यायची, आधी देठ, मग बऱ्याच वेळाने पाकळ्या. त्या अर्ध्या खऱ्यावर त्याने उरलेलं अर्धं खोटं नीट घडी घालून ठेवलं होतं. कारण एकदा उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून त्याने खिडकीकडे पाहिलं होतं, आणि खिडकीचे गजही वाकले होते. खिडकीला काही ग्राफिक्स कार्ड नसतं.

चष्मेवाल्याने तर स्पष्टच सांगितलं होतं. “काच बदलून हे भागायचं नाही, साहेब. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि दिवस घालवू नका.” त्याने ते वाक्य चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि झाकण लावून टाकलं.

बोलायचं कुणाशी? बायकोशी बोलावं तर संध्याकाळपर्यंत लेकीला कळणार. आणि लेक रविवारी निघणार होती, दूरच्या शहरात, मनासारख्या नोकरीवर. मागे त्याचा पाय मोडला तेव्हा हातात आलेली अशीच एक नोकरी सोडून ती घरी थांबली होती. “त्यात काय एवढं, मिळेल दुसरी,” म्हणाली होती. दुसरी मिळायला तिला फार वाट बघावी लागली. ती वाट बघताना तिचा चेहरा कसा उतरत गेला, ते त्याने चांगल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरी मनाच्या एका कोपऱ्यात वेडी आशा होतीच. लेक नवं कार्ड आणणार होती. ते बसवलं आणि खरंच सगळं सरळ झालं तर? गजांचं तेवढं विसरून जाता येईल.

आज शुक्रवार. लेक घरी आली ती खोका नाचवतच. लहानपणी कपाटांवर सरसर चढायची म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत, आणि अजूनही ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळूनच चढे.

“आणलं एकदाचं! बाबा, कॉम्प्युटर बंद करा. आई, टॉर्च घेऊन ये.”

“मी कशाला? ऑपरेशन तुझं.”

“नर्स लागतेच ना.”

मेन स्विच बंद झाला, वायरी निघाल्या. कॅबिनेट आडवं झालं, बाजूचा पत्रा सरकला आणि आतून धुळीची अख्खी गादीच बाहेर आली.

“अगं बाई!” आई म्हणाली. “अहो, रोज या टेबलावरून फडकं मारते मी, आणि हा पोटात एवढं लपवून बसलाय होय? सांगायचं तरी.”

तो दचकला. मग लक्षात आलं, ती कॉम्प्युटरला बोलत होती.

खारूने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, कार्ड कडेने धरलं आणि लांबट खाचेवर टेकवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कट्ट आवाज झाला. स्क्रू दातांत धरूनच ती म्हणाली, “बशलं.”

“गिळशील!”

“नाही गं.” स्क्रू फिरले, कार्डाला पॉवरची केबल लागली. “बाबा, तुम्ही असे येरझाऱ्या का घालताय? ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नवऱ्यासारखे?”

“पाय मोकळे करतोय.”

“सकाळपासून मोकळेच करताहेत,” आई म्हणाली. “आता सुटून पडतील.”

सगळं मागे सरकवून, वायरी चाचपडत जोडून खारूने बटण दाबलं. नव्या कार्डाचे पंखे भिरभिरले आणि गप्प झाले. स्क्रीन उजळली. छपाईवाल्याकडून परत आलेल्या एका चादरीची नक्षी तिने उघडली. मोठ्या निळ्या फुलांची होती. त्याने फोन केला होता, “साहेब, नक्षी जिथे पुन्हा सुरू होते तिथे सांधा उघडा दिसतोय. तुमच्या हातून असं कधी होत नाही.” तेव्हाही त्याने कॉम्प्युटरचंच नाव पुढे केलं होतं. आणि तो फोन ऐकूनच खारूने कार्ड आणायचं ठरवलं होतं.

“या बाबा. बसा राजासारखे. बघा आणि सांगा.”

तो बसला. तिने मुद्दाम एक आडवी आणि एक उभी रेघ ओढून ठेवली होती. दोन्ही मध्यावर वाकल्या. ठिपका आपल्या जागी होता, घरचा असल्यासारखा. आशा जिथून आली होती तिथे निमूट परत गेली. मागे लेक उभी, खुर्चीच्या पाठीवर तिचे हात, त्या हातांना धुळीचा वास. ती श्वास रोखून होती.

“वा!” तो म्हणाला. “काय लख्ख दिसतंय! पाकळ्यांच्या कडा बघ, सुरीने कापल्यासारख्या.”

“खरंच?”

“खरंच म्हणजे काय! आणि रेघा, अगदी ओळंब्यात. आधी नुसतं धुकं होतं गं. तुझ्या कार्डाने धुकं पार पळवलं.”

बोलता बोलता त्याला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली, इतका तो खरा वाटत होता. खारूने मागून त्याच्या गळ्यात हात टाकले. मग माऊस ओढून घेतला. “थांबा, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन अजून नीट करते.” ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, मघाशीच आपोआप चढला होता. तिने स्क्रीनवर सेटिंग उघडलं आणि आलेला मेसेज मोठ्याने वाचला.

“या कार्डाला एकही मॉनिटर जोडलेला नाही.”

“म्हणजे गं?” आईने विचारलं.

खारू टेबलाखाली शिरली. मग खालूनच हसण्याचा स्फोट झाला.

“अगं आई, मॉनिटरची केबल जुन्याच जागी खोचलीय मी! सवयीने वरच्याच पोर्टमध्ये. कार्ड नुसतं बसून आहे, चित्र अजून जुनंच ग्राफिक्स दाखवतंय!”

“म्हणजे नवी सून आत नटून बसलीय आणि स्वयंपाक अजून सासूच करतेय.”

“अगदी!” खारू डोक्यावर कोळ्याचं जाळं घेऊन वर आली. हसता हसता बापाकडे पाहिलं आणि हसू थोडं थबकलं. “पण मग बाबा, मघाशी त्या कडा कुणी बघितल्या? काडीचाही फरक पडलेला नव्हता.”

घड्याळ चालू होतं, छताचा पंखा फिरत होता, सगळं आपापल्या कामात होतं. फक्त त्यालाच हात कुठे ठेवावेत कळेना. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“एवढ्या हौसेने आणलंस,” तो म्हणाला, “तुझं मन कसं मोडायचं?”

“बघ!” आई म्हणाली. “लग्नानंतर माझ्या हातचं खारट खाऊनही असंच वा वा करायचे.”

खारूला ते पटलं. चटकन पटलं, आणि त्याला तेच सोसेना. ती पुन्हा खाली गेली, केबल काढली, कार्डाच्या पोर्टमध्ये बसवली. स्क्रीन काळी झाली आणि क्षणात परत उजळली. तिने चादर धरून सरकवली, तर फुलं एकसंध आली, देठापाकळ्यांसकट, उतारावरून पाणी यावं तशी. हे त्यालाही दिसलं. चादर आता अडखळत नव्हती. अडखळत होता तो फक्त ठिपका, निळ्यावरून निळ्यावर, जिथे तो पाहील तिथे.

“हे बघा, याला म्हणतात फरक!” खारू टाळी वाजवून म्हणाली. “आणि हा घ्या तुमचा सांधा. केवढा ठळक दिसतोय! दुरुस्त करून छपाईवाल्याच्या तोंडावर फेका. चला, मी सुटले. आता निश्चिंत जाईन.”

सांधा कुठे होता? तिचं बोट दिसत होतं. बोटाच्या टोकाशी मात्र धूर होता. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. रविवारी ती हसत गेली असती. आणि तो चादरीवर चादर काढत राहिला असता, सांध्यावर सांधा उघडा टाकत, एक दिवस सगळंच धुरात जाईपर्यंत. मग नोकरी टाकून ती परत आलीच असती, आणि तेव्हा उशीर झालेला असता.

खारू कॅबिनेटचा पत्रा लावायला वाकली होती.

“खारू.”

“हं?”

“ते राहू दे. इकडे ये.”

ती आली. आईने टॉर्च विझवला. त्याने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, खिडकीकडे पाहिलं, मग हात खाली घेतला.

“कार्ड चांगलं आहे गं. कॉम्प्युटरचाही फार दोष नव्हता. माझ्या डाव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. सरळ रेघ वाकडी दिसते, खिडकीचे गजसुद्धा. उजवाही हल्ली त्याच्या नादी लागलाय. चष्मेवाला म्हणाला होता, डॉक्टरांकडे जा, दिवस घालवू नका. मी घालवले. तू पुन्हा नोकरी सोडून बसशील, या भीतीने घालवले. सोडायची नाही, रविवारी जायचंच. पण उद्या मला डॉक्टरांकडे घेऊन चल. मला एकट्याला भीती वाटते.”