आपण इथे आहात

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. आल्प्सच्या पायथ्याशी, लोक हवापाण्यासाठी येतात अशा एका जर्मन गावाच्या बागेत मी दोन लोखंडी खांबांवर उभा आहे. एका चित्रकाराने मला पत्र्यावर हाताने रंगवलं. माझ्या अंगावर चौदा आकडे आहेत. त्यांच्या मागोमाग माझी गोष्ट सांगतो. काही आकडे पुसलेत, तिथे गोष्टही तुटेल.

१. खाऱ्या पाण्याची भिंत

काटेरी फांद्यांची ही उंच भिंत. वरून खारं पाणी झिरपतं आणि दमेकरी तिच्या कडेने खोल श्वास घेत फिरतात. तासन्‌तास फिरतात. मला तिचा हेवा वाटतो.

२. झऱ्याचा हॉल

इथलं कडवट पाणी पिऊन लोक तोंड वेडंवाकडं करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. याचाही हेवा वाटतो.

३. रोपवे आणि शिखर

खरं सांगू? मला सगळ्यांचाच हेवा वाटतो. माझ्याकडे जो पाहतो, तो दुसरीकडे जाण्यासाठीच पाहतो. पूर्वी निदान "काय सुबक रंगवलंय" असं तरी म्हणायचे. 'आपण इथे आहात' हे सांगणारा माझा लाल ठिपका तर बोटं लागून लागून झिजून गेला.

४.

(पुसला आहे.)

हा आकडा माझ्यावर नाहीच

गेल्या वर्षी माझ्या शेजारी काचेचा स्क्रीन आला. दहा भाषा बोलतो. बोट लावलं की उजळतो. मंगळवारी बागेचा कामगार मला म्हणाला, "माणूस कुठे उभा आहे तेच तू सांगत नाहीस. शुक्रवारी तुला काढतो."

११. बाक

गुरुवारी न्युरेम्बर्गहून रुपेश आणि शमिका आले. सोबत त्यांची छोटी अन्वी आणि पुण्याहून आलेल्या रुपेशच्या आई, सुनेत्राबाई. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते.

"आई, येताय ना वर?" शमिकाने विचारलं.

"रोपवेपर्यंत चालणार कोण? तुम्ही जाऊन या. मी इथूनच बघते गाव."

"आजी, दा इस्ट आइन स्क्रीन," अन्वीने बोट दाखवलं.

"नको गं. त्याला हात लावला की गाव पळतं. हा बघ, जागचा हलत नाही. माझ्यासारखाच."

ते गेले. सुनेत्राबाई माझ्यावर बोट फिरवत हॉलमध्ये गेल्या, भिंतीपाशी रेंगाळल्या, पूल ओलांडून शिखरावर चढल्या. तासभर. कुठेही न जाता मला पाहणारं हे पहिलंच माणूस.

मंडळी परतल्यावर त्यांनी विचारलं, "अन्वी, यात आपण कुठे आहोत गं?"

अन्वीने कारंजं शोधलं, बाक शोधला आणि माझ्या झिजलेल्या जागी बोट टेकलं. "हीअर, आजी."

सुनेत्राबाईंनी कपाळावरची लाल टिकली काढली आणि घरी आरशावर लावतात तशी तिथे चिकटवली.

शुक्रवार

कामगार पाना घेऊन आला. त्याच्या आधीच एक काठीवाले आजोबा माझ्यापुढे उभे होते. त्यांनी टिकलीवर बोट ठेवलं, तिथून वाट काढली आणि भिंतीकडे चालू लागले. कामगाराने टिकली नखाने खरवडून पाहिली. निघेना.

"आल्झो, अजून कामाचा आहे म्हणायचा," तो पुटपुटला आणि पाना खिशात टाकून निघून गेला.

मित्रांनो, जुन्या नकाशापुढे घटकाभर थांबत जा. त्याला बोट लावा, पण नख लावू नका.

आणखी एक विनंती. सुनेत्राबाई पुन्हा आल्या, तर त्यांना त्या स्क्रीनजवळ नेऊ नका. बंद असला की तो अगदी आरशासारखा दिसतो.