न लागलेला ठसका

क्ष-किरणांच्या पडद्यावर घास काळा दिसतो. जिभेवर तो आधी पसरला, मग गोळा झाला आणि घशाशी येऊन क्षणभर थांबला. तिथून जाड धार मागच्या बाजूने अन्ननलिकेत उतरली. तिच्यातून शिवणीच्या दोऱ्याएवढी एक रेघ सुटली आणि पुढे, श्वासनलिकेत गेली.

"इथे मुलीला खोकला यायला हवा होता," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी चित्रण थांबवलं.

तपासणी नुकतीच झाली होती. "घरी भरवता तसंच भरवा," असं सांगितल्यामुळे आईने शिशाचा जड एप्रन घालून तसंच भरवलं होतं. चमचा खालच्या ओठाच्या कडेला टेकवायचा, थांबायचं, हनुवटीखालून एक बोट हलकेच वर फिरवायचं. लेक पाच वर्षांची. मान धरत नव्हती, बोलत नव्हती, पण आईच्या हातून वाटीभर जेवायची. आता ती आईच्या मांडीवर पेंगत होती.

"पण हिच्या हातून जेवताना पोरीला कधी ठसका लागलेला नाही हो," शेजारी बसलेली नणंद म्हणाली. "मी भरवते तर तोंड मिटून घेते, थुंकते. भरवावं तर आमच्या वहिनीनंच."

सासरच्या घरात आईचं एवढंच कौतुक व्हायचं. तिचं हसणं मोठं होतं, कपड्यांच्या घड्या वाकड्या होत्या, माहेरचे लोक आगाऊ होते. भरवण्याला मात्र कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"ठसका लागत नाही, तोच तर आजार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चुकीच्या वाटेला गेलेलं आपण खोकून बाहेर टाकतो. हिच्या शरीराला ते कळतच नाही. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतोय तो यामुळे."

म्हणजे पोर नणंदेने भरवलेलं थुंकत होती, ते बरं होत होतं. आईने निगुतीने उतरवलेल्या प्रत्येक घासातलं थोडं फुफ्फुसात जात होतं. वाटी संपली की ती सगळ्यांना रिकामी वाटी दाखवायची.

"गेल्या वर्षी मी नळीचं बोलले होते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही बघू म्हणालात. पोट कापायचं नाहीये. भूल देऊन, पडद्यावर बघत जठरात सुई घालायची, सुईतून तार, तारेवरून नळी. शर्टाच्या बटणाएवढं भोक."

"आणि त्यातून जेवण ओतायचं? गाडीत पेट्रोल भरतात तसं?" नणंद हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

आईने नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू ठरव. तिचं तुलाच जास्त कळतं," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये आहे गं."

दरवेळी तो असंच म्हणायचा. बरं झालं तर दोघांनी ठरवलेलं असायचं आणि बिघडलं तर तिने.

"तोंडाने काहीच द्यायचं नाही?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"चवीपुरतं जिभेला बोट लावा. घास नाही." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आज फुफ्फुसं बरी आहेत, भूल सोसेल. अजून एक न्यूमोनिया झाला, तर तुम्ही हो म्हणाल आणि मला नाही म्हणावं लागेल."

"वहिनी, घाई कसली? घरी जाऊन बोलू," नणंद कुजबुजली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "नळीच लावायची तर ते काम कुणीही करेल. आई कशाला लागते त्याला?"

आईने तिच्याकडे पाहिलं. बोलणं मुद्दाम लागेल असंच होतं, आणि लागलं. त्यात खोटंही काही नव्हतं. नळी बसली की पोरीला कुणाच्याही हातून जेवता येणार होतं.

मांडीवरच्या लेकीने झोपेतच ओठ हलवले.

"ताई, तुम्हालाही शिकवतील. तुम्हीही भरवा," आई म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "नळी बसवा. मिळेल तो पहिला दिवस द्या."