सावरीची गादी

गादीवालीच्या हाताला गिऱ्हाइकांनी कधी नावं ठेवली नाहीत. ते काम घरात सासूबाईच करायच्या. त्यांनी याच दुकानात चाळीस वर्षं कापूस निवडलेला, त्यामुळे सुनेचा एक टाका त्यांच्या नजरेतून सुटेल तर शपथ. लकव्याने अंथरुणाला खिळल्या, तरी जीभ मात्र शाबूत. एक दिवस सून तडकली. माझ्या कामात पुन्हा तोंड घातलंत तर दुकानाला कुलूप लावीन, म्हणाली. सासूबाई गप्प झाल्या. आणि खोटं कशाला बोला, सुनेला ती शांतता गोडच लागली.

मग म्हातारीच्या कंबरेखाली जखम झाली. नर्सने बजावलं, अंथरूण मऊ करा, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल. सुनेने हात आखडता घेतला नाही. सावरीचा कापूस मागवला, फुंकरीने उडेल असा. बिया वेचल्या आणि वीस वर्षांच्या सवयीने सगळा पिंजणयंत्रात घातला. साध्या कापसाला यंत्र लागतं. सावरीचा तंतू ठिसूळ, यंत्रात त्याचा भुगा होतो. हे बिचारीच्या गावीही नव्हतं, सावर तिने कधी भरलीच नव्हती.

गादी दिसायला झकास झाली. आठ दिवसांत चेपून तिची सतरंजी झाली. नर्सने पट्टी सोडली, तर जखम दुप्पट.

सुनेने गादी उसवली. आत नुसता भुसा. सासूबाई कुशीवरून बघत होत्या, आणि त्यांना काही नवल वाटलेलं दिसेना.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"यंत्र सुरू झालं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुलूप लावलं असतंस. पोरांनी खायचं काय?"

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागाच्या भरात टाकलेला शब्द म्हातारीने खरा धरला होता, आणि पाठ सोलून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तिने नवं पोतं खाटेजवळच सोडलं. म्हातारीच्या चालत्या हातात मूठभर सावर दिली आणि म्हणाली, "सांगा, कशी मोकळी करायची."

"आधी तो पंखा बंद कर," सासूबाई म्हणाल्या. "एवढी अक्कल नाही?"

जखम भरायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत म्हातारी एक दिवस गप्प बसली नाही, आणि सुनेने तिला बसूही दिलं नाही.