धर्ममातेचा रुसवा

दोन हजार तीन सालच्या मे महिन्यात रोझमेरी आत्या रुसल्याची बातमी गावभर झाली. भाची शर्लीच्या लेकीची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळ हातात घेणारी, तीच होणार, हे बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं. आणि बाप्तिस्मा तोंडावर आला तेव्हा बाईंनी निरोप धाडला, ‘‘माझे गुडघे दुखतात, दुसरी कुणी बघा.’’

गुडघे! केळीच्या वाडीला रोज पाणी लावून, टोपली डोक्यावर घेऊन माणिकपूरच्या बाजारात तरातरा जाणाऱ्या बाईचे गुडघे! तिचा भाऊ, शर्लीचा बाप व्हिन्सेंट याने लगेच ताडलं, मानपानात आपलंच काहीतरी चुकलं.

खरं दुखणं निराळंच होतं. दोन वर्षांपूर्वी रोझमेरीच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. त्यातून ती खडखडीत उठली. पण ईस्टरनंतर पेपरात आलं की, या कॅन्सरशी काही विषाणूंचा संबंध असेल का, ते शास्त्रज्ञ तपासताहेत. तिने त्यातला विषाणू तेवढा उचलला. विषाणू म्हणजे लागण! तेव्हापासून तिने आपलं ताट-पेला वेगळा केला. विचारायचं कुणाला, तर कुणालाच नाही. अशा बाबतीत आमच्या बायका मूग गिळून बसतात. तिला स्वतःला मूल नव्हतं. त्या पोरीला कुशीत घ्यायला तिचा जीव नुसता तुटत होता.

शनिवारी संध्याकाळी व्हिन्सेंट अंगणात हजर झाला तो नवी साडी, सगळा गोतावळा आणि गावचा बँड घेऊनच. बहिणीचा रुसवा काढायचा तर वाजतगाजत, असा त्याचा खाक्या. बँड दणाणू लागला. रोझमेरीने हात हलवले, मान हलवली, शेवटी ओट्यावर उभी राहून किंचाळली, ‘‘बंद करा रे! मी रुसले नाय! माझ्या कॅन्सरचा विषाणू पोरीला लागंल!’’

ढोल थांबला. ट्रम्पेट खाली आला. तो वाजवत होते डॉक्टर युजीन. एरवी दवाखाना, सणासुदीला बँड.

‘‘बाय, दवाखान्यात येऊन विचारलं असतंस तर?’’ ते म्हणाले. ‘‘कुणाला जवळ घेतल्याने कॅन्सर लागत नाही. विषाणूचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, ते अजून नक्की ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा ठरेल. तू पोरीला खुशाल घे.’’

‘‘म्हणून तू माझ्याकडे चहापण घेत नव्हतीस?’’ शर्ली ओरडली. ‘‘मला वाटलं, माझ्या हातचा आवडत नाय!’’

अंगणात असा हशा पिकला की व्हिन्सेंटही डोळे पुसत हसला. बँडवाले मात्र जेवल्याशिवाय हलले नाहीत.

रविवारी चर्चमध्ये शर्लीने बाळ आत्याच्या हातात दिलं. ऑपरेशनच्या बाजूला पोरीला हाडं टोचतील म्हणून रोझमेरी तिला उजवीकडे घेऊ लागली, पण पोर वळवळली आणि डावीकडेच डोकं टेकून गाढ झोपली. फादरांनी कपाळावर पाणी ओतलं तरी जागी झाली नाही. रडली ती रोझमेरीच, आनंदाने, अगदी हुंदके देऊन. मग फोटो झाले, केक कापला. शर्ली दोनदा हात पुढे करून गेली, पण रोझमेरीने काही पोरीला सोडलं नाही.