कॅमेऱ्याकडे पाठ

मी टोपी बोलतेय. आधीच सांगते, शर्यतीच्या गाडीत माझं काडीचं काम नसतं. तिथे हेल्मेटचा मान. पण हेल्मेट तोंड झाकतं आणि मी तोंड दाखवते, म्हणून ड्रायव्हरची खरी कमाई माझ्यामुळे होते. फसवण्याला लोक टोपी घालणं का म्हणतात, देव जाणे!

माझा जन्म कारखान्यातला. कपाळावर रंग बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव भरलं आणि आम्हा दोघी बहिणींना एका संघाकडे पाठवलं. तिथे दोन सख्खे भाऊ गाडी चालवायचे. मी धाकट्याच्या वाट्याला आले, बहीण थोरल्याच्या. त्यांच्या बाबांचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. त्यातली अर्धी जागा विकून त्यांनी दोघांना शर्यतीत उतरवलं होतं.

गाड्या सारख्याच. पण धाकटा वळण असं घ्यायचा की मेकॅनिकसुद्धा हातातलं काम सोडून बघायचे. थोरला बेताचा. हेल्मेट निघालं की मात्र थोरला राजा. टोपी सरळ, मान कॅमेऱ्याकडे, वर कंपनीच्या साहेबांच्या मुलीची परीक्षा कशी गेली याचीही चौकशी. धाकटा मला खिशात कोंबून टायर बघायला पळायचा. बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, असं बाबा त्याला सारखे सांगायचे. तो नुसता हसायचा.

मग कळलं, पुढच्या वर्षी संघाकडे एकच गाडी राहणार. कंपनी ज्याच्यामागे पैसा लावेल त्याला ती मिळणार. साहेबांनी धाकट्याला बजावलं, शेवटची शर्यत जिंकलास तर गाडी तुझी, फक्त टोपी डोक्यावर राहू दे.

तो जिंकला. काय चालवली म्हणून सांगू! उतरल्या उतरल्या त्याने मला नीट सरळ घातलं. समोर कॅमेरेच कॅमेरे. मी धन्य झाले.

तेवढ्यात गर्दीतून बाबा आले. रडत होते. त्याने मला काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि त्यांना घट्ट मिठी मारली. बाबांची पाठ कॅमेऱ्यांकडे होती. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच फोटो, त्यात माझा मागचा पट्टा. कंपनीचं नाव कुठेच नाही.

साहेबांनी विचारलं, "तुझी टोपी कुठे होती?"

"बाबांच्या डोक्यावर," तो म्हणाला.

गाडी थोरल्याला मिळाली. मागोमाग घड्याळवाले आले, बँकवाले आले, त्याचं घर झालं, मग दुसरं झालं. शर्यती त्याने फारशा जिंकल्या नाहीत. मी त्याला नावं ठेवत नाही. तोंड दाखवणं हेही काम आहे आणि तो ते मन लावून करतो. धाकटा नव्या मुलांना शिकवतो, पोटापुरतं मिळवतो. सुरुवातीला शर्यत लागली की तो टीव्ही बंद करायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मी बाबांकडेच राहिले. आता रंग उडालाय, कपाळावरची अक्षरं उसवलीत, ग्रीसचे डाग तर विचारूच नका.

परवा थोरला गॅरेजात आला. घरात बक्षिसांचं काचेचं कपाट केलंय, त्यात ठेवायला मला मागत होता. म्हणाल ती किंमत देतो म्हणाला. बाबांनी नुसती नकाराची मान हलवली.

मग थोरला हळूच म्हणाला, "मी जिंकलो तेव्हाही तुम्ही तिथेच असणार ना, बाबा? मला दिसलाच नाहीत. मी समोर बघत होतो."

बाबांनी मला आपल्या डोक्यावरून काढलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. "घाल थोडा वेळ. इथे कोणी फोटो काढत नाही."

मी जरा वाकडीच बसले. मला सरळ करायला त्याचा हात सवयीने वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्याने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आता माझं एवढंच मागणं आहे. कोणी हाक मारू नका, मला सरळ करू नका. थोडा वेळ अशीच राहू द्या.